ड्रेनची झोळी, शेवरीची उशी आणि मंगळवार पेठेतल्या मावशी : माझा रिव्ह्यू

साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच. आता हा रिव्ह्यू नेमका कशाचा असं कुणी विचारलं तर मला पण नीट सांगता यायचं नाही, कारण दुकान नाही, बोर्ड नाही, नाव नाही, पावती तर नाहीच नाही. आपल्या कोल्हापुरात सात-आठ बायका आहेत, सगळ्यांची छातीच्या कॅन्सरची ऑपरेशनं होऊन गेलेली, आणि जिचं ऑपरेशन ठरलंय तिला त्या आधी एकदा आणि नंतर लागेल तेवढ्या वेळा भेटायला येतात. सोबत एक पिशवी देतात, तिच्यात तीन वस्तू. एवढंच. मी मिक्सर घेताना पण चाळीस रिव्ह्यू वाचणारी बाई आणि ह्या वेळी वाचायला एक पण नव्हता, म्हणून म्हणलं आपणच लिहावा.

माझं थोडक्यात सांगते. वय ४६, सहकारी बँकेत काउंटरला असते. डाव्या बाजूला गाठ लागली, सोनोमॅमोग्राफी, मग बायोप्सी. गाठी दोन निघाल्या, त्या पण लांब लांब, त्यामुळं डॉक्टर म्हणले नुसती गाठ काढून भागायचं नाही, पूर्ण स्तन आणि काखेतल्या लिम्फच्या गाठी (त्या सगळ्यांनाच असतात) काढायला लागतील. सगळ्यांनाच असं करावं लागत नाही हं, बऱ्याच जणींची गाठ काढून पुढं रेडिएशन देतात, त्यामुळं माझं वाचून कुणी घाबरू नका. तारीख मिळाली नोव्हेंबरातली, नेमकी अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या आठवड्यातली. मधे दोन आठवडे. ते दोन आठवडे ऑपरेशनपेक्षा वाईट गेले, रात्री दोन वाजता मोबाईलवर काय काय वाचायचं आणि सकाळी काउंटरवर बसून लोकांच्या नोटा मोजायच्या, एकदा तर एका गिऱ्हाईकाला पाचशे जास्त दिले. ओपीडीतल्या सिस्टर म्हणाल्या तुमचा नंबर एका मावशींना देऊ का. मी हो म्हणलं, पण मनात म्हणलं असेल कुणीतरी जपमाळ देणारी.

मावशी आल्या केएमटीच्या बसनं, हातात तागाची पिशवी. मंगळवार पेठेत राहतात, कांदा-लसूण चटणी करून विकतात, वय बासष्ट, ऑपरेशनला अकरा वर्षं झालेली. टिपिकल कोल्हापुरी बाई, म्हणजे आलो-गेलो-करतो असंच बोलणार. पाणी प्यायल्या आणि पहिलं वाक्य काय तर "कपाट दाव तुझं." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. खरंच कपाटापुढं उभ्या राहिल्या आणि डोक्यातनं घालायचे सगळे कुर्ते, टीशर्ट उचलून मागच्या कप्प्यात टाकले, म्हणाल्या हे दोन महिने बघायचं पण न्हाई, गांधीनगरच्या कापडबाजारात जा आणि पुढनं बटणाचे सैल कॉटन गाऊन आण चार. मग स्वयंपाकघर. वरच्या फळीवरचे डबे, कुकर, पिठाचा डबा, सगळं कमरेच्या उंचीवर आणायला लावलं, कारण नंतर हात वर जायचा नाही आणि घरातले पुरुष ऐन वेळी कुठं गेलेले असतात ते देवाला ठाऊक.

आणि मग तो पेन्सिलचा प्रकार, जो मला एकाही डॉक्टरनं सांगितला नव्हता. मला भिंतीला तोंड करून उभं केलं, डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवायला लावली, जिथं बोटं थांबली तिथं पेन्सिलनं रेघ मारली. "आत्ता तुझा हात हितवर जातोय. नंतर न्हाई जायचा. पण कुठवर न्यायचाय हे ठाव असावं." ऑपरेशननंतर फिजिओनं भिंतीवर बोटं चढवायचा हाच व्यायाम दिला, पण बाकीच्या बायका अंदाजानं करत होत्या आणि माझ्याकडं माप होतं.

बांगड्यांचं एक सांगायलाच पाहिजे. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज यायची शक्यता राहते, म्हणून त्या हातात घट्ट बांगडी-अंगठी नको, आणि आमच्या डॉक्टरांनी तर बीपी, सुई, रक्त काढणं सगळं उजव्याच हाताला सांगितलंय. आता सासूबाईंना हे कोण सांगणार? सवाष्णीचा हात मोकळा म्हणल्यावर त्या जेवल्या नाहीत एक दिवस. मावशी त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या, अर्धा तास दोघींचं गडहिंग्लजकडचं कोण कुणाचं पाव्हणं तेच चाललेलं, आणि उठताना सहज म्हणाल्या की डाव्या हातातला चुडा अंबाबाईच्या ओटीत घाला आन् उजव्या हातात दोन जादा भरा. मिटलं. मी आठवडाभर भांडून जे झालं नव्हतं ते चहाचा कप संपेपर्यंत झालं.

जाताना मला बाथरूममधे घेऊन गेल्या, दार लावलं आणि ब्लाऊजची हुकं काढली. "बघ. भ्यायचं आसलं तर आत्ताच भिऊन घे." उजवीकडं सपाट, मधल्या हाडापासून काखेकडं गेलेली एक तिरकी फिकट रेघ. बस. मोबाईलवर रात्रभर जे फोटो बघितले होते त्यातलं काहीच नव्हतं तिथं, एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईचं अंग होतं आणि त्यावर ती रेघ. मी हात लावू का विचारलं, त्या म्हणाल्या लाव की. मग हुकं लावता लावता म्हणाल्या, "तुझं डावं हाय, पदर येतोय त्याच्यावर. माझं उजवं, मला तेवढं पण सुख न्हाई." मी त्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसले ते तिथं, बाथरूममधे.

(नंतर कुठंतरी वाचलं की अमेरिकेत टेरीस लॅसर नावाच्या बाईनं स्वतःच्या ऑपरेशननंतर १९५२ साली हेच सुरू केलं होतं, हॉस्पिटलात जाऊन नवीन पेशंटला भेटायचं, आणि पुढं १९६९ मधे तिथल्या कॅन्सर सोसायटीनं ते काम आपल्याकडं घेतलं. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या बरं झालं, तिला पण कुणी सांगितलं नसणार.)

पैशाचं पण विचारतात त्या, आडून नाही, सरळ. माझं मेडिक्लेममधे झालं, पण ज्यांचं नाही त्यांना रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडं (हॉस्पिटलातच बसतो तो योजनेचा माणूस) पाठवतात, कव्हर आता पाच लाखांपर्यंत आहे. चंदगड-राधानगरीकडनं एसटीनं येणाऱ्या बायकांना हे कुणीतरी सांगणारं लागतंच.

ऑपरेशनचं काय सांगू, भूल दिली, उठले तेव्हा संध्याकाळ झालेली आणि छातीवर कुणीतरी पाट ठेवल्यासारखं. आता वस्तूंकडं येते.

झोळी. ऑपरेशननंतर अंगातनं एक किंवा दोन नळ्या, म्हणजे ड्रेन, बाहेर येतात आणि त्यांच्या टोकाला प्लॅस्टिकचा डबा, आतलं पाणी-रक्त त्यात जमतं. हॉस्पिटलात तो गाऊनला सेफ्टी पिननं अडकवतात. घरी आल्यावर काय करणार? हातात धरून संडासला जायचं? तर ही सुती कापडाची झोळी, इचलकरंजीचं जाडसर कापड, गळ्यात तिरकी अडकवायची, दोन कप्पे. अंघोळीला दुसरी, नायलॉनची. शंभरपैकी शंभर मार्क देणार होते पण दोन तक्रारी आहेत. पट्टा लांब आहे, मी पाच फूट, माझा डबा गुडघ्यावर आपटायचा, शेवटी गाठ मारली आणि ती गाठ मानेला काचली. आणि कप्पा खोल, त्यामुळं सकाळी किती मिली जमलं ते बघायला दर वेळी डबा बाहेर काढा. रोज लिहून ठेवायचं असतं ते, माझं ११० वरनं सुरू झालं, मग ८०, मधेच परत ९५ (त्या दिवशी मी रडले), मग उतरत उतरत सलग दोन दिवस ३० च्या खाली आलं तेव्हा बाराव्या दिवशी ड्रेन काढला. मावशींना सांगितलंय की कप्प्याला पुढनं जाळी लावा.

उशी. बदामाच्या आकाराची, काखेत धरायची. मुलानं आधीच ऑनलाइन मागवली होती सहाशे रुपयांची, आत तो कृत्रिम कापूस, दगडासारखी, हात उलट बाहेर ढकलायची. पिशवीतली शेवरीच्या कापसाची, हात अलगद बसतो. काखेत टाक्यांवर हात घासत नाही, झोपताना आधार, आणि गाडीत सीटबेल्ट आणि छातीच्या मधे ठेवायला तर पाहिजेच. आपल्याकडचे स्पीडब्रेकर माहितीच आहेत, हॉस्पिटल ते घर मी मोजले, तेवीस. तोटा एकच, शेवरी पंधरा दिवसांत दबते, मग उन्हात टाकून फुलवायला लागते.

तिसरी वस्तू म्हणजे क्रोशानं विणलेली वाटी, सुती दोऱ्याची, आत मऊ कापूस, ब्राच्या कप्प्यात घालायची. सगळ्या जगात बायका असल्या वाट्या विणून वाटतात, आपल्याकडं मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन पण देते, फुकट. ग्रुपमधल्या एक निवृत्त बाई इथंच विणतात. हलकी, हवा खेळती, टाके ओले असतानाच्या दिवसांत दुसरं काही अंगाला लावून घेववत नाही. पण हलकी म्हणजे इतकी हलकी की ब्रा त्या बाजूला वर वर सरकते आणि संध्याकाळपर्यंत एक गळ्याशी आणि एक जागेवर. त्यावर उपाय म्हणून वाटीत खाली थोडं वजन घालायचं असतं. एकीनं म्हणे मोहरी भरली, पावसात भिजली आणि तिला मोड आले! आता नदीतले गुळगुळीत खडे छोट्या पुरचुंडीत घालतात, धुताना काढायचे.

सिलिकॉनच्या कृत्रिम स्तनाचं वेगळं, ते ह्यांच्याकडं मिळत नाही, विकत घ्यायला लागतं. दोन महिन्यांनी डॉक्टर हो म्हणल्यावर घ्यायला गेले. पहिल्या दुकानाचं नाव लिहीत नाही, काउंटरवर पुरुष, मागं लायनीत पाच गिऱ्हाईकं, आणि हा मोठ्यांदा "ताई साईज काय?" ट्रायल रूम नाही, घातल्याशिवाय कसं कळणार विचारलं तर म्हणतो अंदाजानं न्या, बदलून मिळणार नाही. सात हजाराची वस्तू अंदाजानं! तशीच बाहेर आले. मग ग्रुपमधल्या एकीनं राजारामपुरीतल्या एका टेलरताईंकडं पाठवलं, त्या मापं घेतात, जुन्याच ब्राला आतनं कॉटनचा कप्पा शिवून देतात, आणि सिलिकॉन दुसरीकडून दोन-तीन साईज मागवून, घालून बघूनच घ्यायला लावतात. दुसऱ्या बाजूच्या वजनाचं घेतलं की खांदा झुकत नाही, हे मला आता पटलंय. पण मे महिन्यात सिलिकॉन म्हणजे छातीवर गरम तवा. मी बँकेत सिलिकॉन, घरात क्रोशा, आणि रात्री काहीच नाही.

आता अर्धा स्टार. माणसं आहेत, चुका करणारच, पण लिहायला पाहिजे. मावशींनी मला सांगितलं होतं "केस जात न्हाईत गं, माझे कुठं गेले." त्यांचं औषध वेगळं होतं. माझे दुसऱ्या केमोच्या आधीच उशीवर. नंतर त्यांनी कानाला हात लावला, पण माझी तयारी नव्हती ती नव्हतीच. दुसऱ्या एक बाई पाल्याच्या रसाचे मेसेज पाठवतात, बाकीच्या ओरडतात त्यांना, तरी पाठवतात. काखेपासून कोपराच्या आतल्या बाजूपर्यंत कातडं बधिर होतं, ते कुणीच आधी सांगितलं नाही, मला वाटलं ऑपरेशन चुकलं. आणि नवऱ्यांसाठी कुणी नाही. आमचे हे ते बारा दिवस ड्रेनचे आकडे एक्सेलमधे भरत बसले, ग्राफ काढला, माझ्याशी दोन वाक्यं सरळ बोलता येईनात. अशा माणसाला दुसरा एखादा असाच माणूस भेटायला पाहिजे होता, रंकाळ्यावर एक फेरी मारली असती दोघांनी तरी पुष्कळ होतं.

पण एक मात्र, औषधाच्या आणि दुखण्याच्या बाबतीत मावशी स्वतः कधी डॉक्टर होत नाहीत. ड्रेन काढल्यावर पाच दिवसांनी टाक्यांच्या खाली डबडब वाटायला लागलं, हात लावला की पाणी हलतंय असं. रात्री फोन केला. "पाणी साठतंय, लई जणींना होतंय, भिऊ नको. पण उद्या सकाळी दवाखान्यात जा, मला इचारत बसू नको." गेले, सुईनं काढलं, दहा मिनिटं. महिन्याभरानं काखेतनं कोपरापर्यंत कातड्याखाली दोरी ताणल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा पण तेच, "फिजिओकडं जा." तीन आठवड्यांत दोरी सुटली. पेन्सिलच्या रेघेपासून आज बोटं दोन बोटं खाली आहेत. दिवाळीला रंग द्यायचाय घराला, तेवढी भिंत सोडून द्या म्हणलंय.

संपर्क कसा करायचा विचाराल तर नंबर इथं टाकणार नाही, त्यांना ते आवडत नाही. कॅन्सर ओपीडीतल्या सिस्टरना विचारा, बहुतेक ठिकाणी माहिती आहे. दुपारी दोन ते चार फोन करा, त्याआधी मावशी चटणी कुटत असतात आणि मग फोनवर काही ऐकू येत नाही. पैसे घेत नाहीत, चटणी विकत घेतली तर घेतात. आणि झोळी धुऊन, इस्त्री करून परत द्यायची असते, पुढच्या बाईसाठी. मी आठवडाभर उशीर केला आणि फोनवर जी बोलणी खाल्ली ती खाल्लीच.