बुनाकेनची भिंत: कोणत्या महिन्यात आणि किती खोल

इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या उत्तर टोकाला मानाडो, तिथून बोटीने पाऊण-एक तासावर स्कूबा डायव्हिंगचं बेट बुनाकेन. बेटाच्या दक्षिणेकडे लेकुआनला उथळ प्रवाळपठाराची कड संपते आणि प्रवाळाची भिंत सरळ खाली सुटते. तळ दिसतच नाही. तारकर्लीत शिकलेल्यांनी लक्षात घ्यावं: तिथे चुकलं तर वाळूवर टेकता येतं, इथे टेकायला काही नाही.

म्हणून कमरेची वजनं तपासून घ्या. ॲल्युमिनियमची हवेची टाकी वापरता वापरता साधारण दोन किलो हलकी होते. सुरुवातीला बरोबर वाटणारं वजन शेवटी कमी पडतं आणि सेफ्टी स्टॉपच्या (वर येताना ५ मीटरवरच्या थांब्याच्या) तीन मिनिटांत माणूस बुचासारखा वर निघतो. टाकीत ५० बार दाबाची हवा उरलेली असताना, बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जाकीट) रिकामं करून, ५ मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे.

मे ते ऑक्टोबर उत्तम. मालवणात पावसामुळे डायव्हिंग बंद असतं, नेमका तेव्हाच इथला हंगाम. पाणी २७ ते ३० अंश, ३ मिमीचा सूट पुरे. डिसेंबर ते फेब्रुवारीत वायव्येचा वारा आणि लाटा. शिवाय पावसाने नद्यांतून वाहून आलेलं मानाडोचं प्लास्टिक पाण्यावर तरंगतं. पैसे तेवढेच मोजून हे का बघावं?

प्रवाह भरती-ओहोटीनुसार फिरतो, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जोर जास्त. मासे तोंड वर करून पोहताना दिसले किंवा आपलेच बुडबुडे खाली जायला लागले, तर पाणी खाली ओढतंय. सरळ वर फिन मारत बसलात तर फक्त हवा संपेल. भिंतीलगत आडवं, तिरकं वर सरका. बीसीडी फुगवलंच, तर ओढ सुटताक्षणी हवा सोडा, नाहीतर थेट पृष्ठभागावर फेकले जाल.

खोलीचा हव्यास नको. कपारीत निजलेली हिरवी कासवं, स्पंज, पंख्यासारखे सी फॅन प्रवाळ, सगळं २० मीटरच्या आतच भरपूर आहे. ३० मीटरवर हवा पृष्ठभागाच्या चौपट वेगाने संपते आणि डायव्हिंगच्या तक्त्याप्रमाणे, वर येताना सक्तीचे थांबे नको असतील तर, जेमतेम २० मिनिटं मिळतात. १८ मीटरवर ५६. शेजारच्या मानाडो तुआजवळ १९९८ मध्ये सीलाकँथ हा पुरातन मासा जाळ्यात सापडला होता खरा, पण तो राहतो शंभर मीटरच्याही खाली. त्याच्या नादाला लागू नका.

बोट ठरवताना दराआधी तीन प्रश्न विचारा: बोट डायव्हरांच्या बुडबुड्यांच्या मागे चालते की नांगर टाकून थांबते, गाइडकडे सिग्नल बॉय (पाण्यावर जागा दाखवणारा फुगा) असतो का, बोटीवर ऑक्सिजन आहे का. पहिल्याचं उत्तर ‘थांबते’ असेल तर दुसरी बोट बघा. परतीच्या विमानाआधी १८ तास डायव्हिंगशिवाय कोरडे ठेवा.