वैनगंगेचा डोंगा की मांडव्याची रो-रो?

नावेचे फोटो काढायचे तर दोघांतली कुठली निवडावी? भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो, म्हणजे गाड्याही वाहून नेणारी बोट, जाते. वेळापत्रक ठरलेलं, जहाज कुठवर आलं ते एआयएसमुळे (जहाजाची जागा कळवणारी यंत्रणा) मोबाइलवर दिसतं. लांब लेन्स लावा, झालं. पण आमच्या गडचिरोलीकडून मुंबई म्हणजे रात्र रेल्वेतच.

वैनगंगेवरच्या डोंग्याला, म्हणजे छोट्या होडीला, कसलं आलंय वेळापत्रक! सवाऱ्या भरल्या की नावाडी बांबू टेकवून डोंगा लोटतो. मधोमध मोटारसायकल, तिला घट्ट धरून बसलेला मालक, आणि काठाच्या जेमतेम वीतभर खाली पाणी. इथं मोबाइलचा कॅमेराही पुरतो, कारण आपणही त्याच डोंग्यात. सकाळचं कोवळं ऊन पाण्यावरून चेहऱ्यांवर येतं. उशीर केला की नुसती चकाकी.

पूल होताहेत, तसे घाट ओस पडताहेत. म्हणून माझं मत डोंग्यालाच. रो-रो काय, पुढल्या वर्षीही सापडेल. पावसाळ्यात मात्र फोटो काठावरूनच काढा.