बेससाठी ओव्हरड्राइव्ह की फझ: नागपुरात वापरून पाहिलेली काही पेडल्स

धरमपेठेतल्या तालमीच्या खोलीत मी पहिल्यांदा बेस गिटारला ओव्हरड्राइव्ह पेडल, म्हणजे आवाज मुद्दाम विकृत करून त्याला धार देणारे पायाने दाबायचे उपकरण, जोडले, तेव्हा एकट्याने वाजवताना आवाज अतिशय भरदार वाटला होता. पण ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्या आणि पेडल दाबताच बेस उठून येण्याऐवजी दिसेनासा झाला. पेडल मित्राचे होते आणि गिटारसाठी बनवलेले होते. त्यात बिघाड काहीच नव्हता. गिटारच्या ओव्हरड्राइव्हमध्ये खालचे स्वर गढूळ होऊ नयेत म्हणून त्यांना मुद्दाम कमी गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) दिलेला असतो. ट्यूब स्क्रीमर या गिटारच्या ओव्हरड्राइव्ह पेडलच्या प्रसिद्ध सर्किटमध्ये तर सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली तो उतरत जातो. चार तारांच्या बेसवरची ई ची मोकळी तार ४१ हर्ट्झवर वाजते आणि पाच तारांच्या बेसवरची बी सुमारे ३१ हर्ट्झवर, म्हणजे आमचे मूळ स्वर या पेडलच्या कामाच्या कक्षेत जवळपास येतच नाहीत.

तरीही बेसला ओव्हरड्राइव्ह लावण्यामागे ठोस कारण आहे. सिग्नलच्या लाटेची टोके कापली गेली, की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे हार्मोनिक्स त्यात भरतात. सभागृहातल्या लहान स्पीकरमधून ४१ हर्ट्झ नीट निघत नसले, तरी ८२ आणि १२३ हर्ट्झ ऐकून कान मूळ स्वर आपोआप ओळखतो, त्यामुळे मागच्या रांगेतल्या श्रोत्यालाही बेसची चाल कळते. मात्र टोके कापली जातात तेव्हा बोटाचा आघात आणि हलक्या-जोरकस वाजवण्यातला फरकही पुसट होतो. म्हणून बेससाठी पेडल निवडताना मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो: विकृत केलेल्या आवाजाबरोबर मूळ स्वच्छ सिग्नल पुढे जातो का, आणि त्याचे प्रमाण माझ्या हातात आहे का.

बॉसचे ओडीबी-३ हे १९९४ पासून मिळणारे पिवळे पेडल या कसोटीला उतरते. त्यावरचा बॅलन्स हा नॉब मूळ आणि विकृत आवाजाचे मिश्रण ठरवतो, आणि लो व हाय (खालचे व वरचे स्वर) यांचे नियंत्रण स्वतंत्र आहे. मी ते वर्षभर वापरतो आहे. गेन अर्ध्यापुढे नेला, तर आवाजाला करकरीत धार येते. मेटल वाजवणाऱ्यांना ती हवी असेल, पण ऑर्केस्ट्रात किंवा जुन्या रॉकमध्ये ती टोचते. माझा गेनचा नॉब घड्याळातल्या नऊच्या जागी, बॅलन्स मध्याच्या किंचित अलीकडे आणि हाय बराच खाली असतो. या मांडणीत पेडल चालू आहे हे श्रोत्यांच्या लक्षातही येत नाही, पण बंद केले की गाणे पोकळ वाटू लागते. ओव्हरड्राइव्हकडून मला नेमके हेच हवे होते.

फझची, म्हणजे याहून जास्त विकृत, घरघरता आवाज देणाऱ्या पेडलची, गोष्ट निराळी आहे, कारण तो लपून राहत नाही. त्याचा उगमही बेसशी जोडलेला आहे, याचा मला फार आनंद वाटतो: नॅशव्हिलमधल्या एका ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत असताना ध्वनिमुद्रणाच्या कन्सोलमधल्या बिघडलेल्या ट्रान्सफॉर्मरमुळे तो घरघरता आवाज निघाला, आणि १९६२ मध्ये मॅस्ट्रो एफझेड-१ हे पेडल त्यातूनच बाजारात आले. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे बेस बिग मफ मी तीन आठवडे मागून आणले होते. बिग मफच्या टोन सर्किटमध्ये मधल्या पट्टीत खळगा असतो, आणि नेमक्या त्याच पट्टीत गिटार ऐकू येते, त्यामुळे एकट्याने वाजवताना भिंत उभी राहते, पण बँडमध्ये स्वर बुडू शकतो. बेसच्या आवृत्तीतला स्विच ‘ड्राय’ या खुणेवर ठेवला की मूळ सिग्नल सोबत येतो आणि पाया टिकतो. त्याचे प्रमाण ठरवायला वेगळा नॉब नाही, ही उणीव मला जाणवली. संथ, लांब स्वरांसाठी मात्र त्याच्या तोडीचा आवाज मला दुसऱ्या कशातून मिळाला नाही.

फिनलंडच्या डार्कग्लासचे बी३के मी दोन तालमींत वाजवले. त्यात ब्लेंड (मूळ आणि विकृत आवाजाचे मिश्रण ठरवणारा नॉब) तर आहेच, शिवाय ग्रंट नावाच्या स्विचने क्लिपिंगपर्यंत, म्हणजे लाटेची टोके कापली जातात तिथपर्यंत, किती लो पोचू द्यायचा हे ठरवता येते, आणि ही सोय मला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटली. पिकने वेगात वाजवतानाही प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. किंमत बाकीच्या दोघांपेक्षा बरीच जास्त आहे. आठवड्याला एक तालीम करणाऱ्या वादकाला मी ओडीबी-३च सुचवीन.

नागपूरच्या बर्डी बाजारात किंवा इतरत्र दुकानात पेडल पाहायला जाताना स्वतःचा बेस न्यावा आणि बेसचाच अ‍ॅम्प मागावा, कारण गिटारच्या लहान अ‍ॅम्पवर या तिन्हींतला फरक कळणारच नाही. सोबतच्या माणसाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे करून ई ची तार पेडलसह आणि पेडलविना वाजवावी.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझबद्दल नागपूरकरांना वेगळे सांगणे मला आवश्यक वाटते. त्याचा आवाज उबदार असतो, परंतु तापमान चढले की या ट्रान्झिस्टरमधला गळती प्रवाह वाढतो आणि बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर ज्या विद्युत पातळीवर काम करतो ती पातळी, जागेवरून सरकतो. सिलिकॉनमध्ये हा त्रास फारच कमी असतो. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना मे महिन्यात एका मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमाआधी माझे हाताने बनवलेले जर्मेनियम पेडल दुपारभर गाडीत राहिले, आणि संध्याकाळी पहिल्याच गाण्यात स्वर फुटून मधेच तुटू लागले. रात्री घरी पंख्याखाली ते पुन्हा पूर्ववत वाजले. ते मी विकलेले नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते माझ्या पेडल ठेवायच्या बोर्डवर पहिल्या जागी असते आणि होळी झाली की डब्यात जाते.