चोवीस फुटी शिडाची बोट : एका मोसमाचा अनुभव

ऑक्टोबरात घेतलेली जुनी फायबरची २४ फुटी बोट मे महिन्यात पाण्याबाहेर काढली. पावसाळ्यात आपल्याकडे हौसेखातर कुणी शीड उभारत नाही.

किनाऱ्यालगत बोट गुणाची आहे. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर मांडव्याहून निघायचं, दुपारी वायव्येचा वारा धरायचा आणि उजेडातच राजपुरीच्या खाडीत नांगर टाकायचा. (परतीला तोच वारा नाकावर येतो, तेव्हाची शोभा विचारू नका.) कील, म्हणजे तळाखालचा उभा कणा, जेमतेम साडेतीन फूट खोल, त्यामुळे ओहोटीची फार धास्ती नाही. ऐसपैस केबिनमध्ये चौघांचा पत्त्यांचा डाव रंगतो. धास्ती एकच, रात्री न दिसणारी मासेमारीची जाळी.

मार्चमध्ये मस्ती सुचली. मुरूडहून सरळ पश्चिमेला २५ सागरी मैल गेलो. वारा २० नॉट (ताशी २० सागरी मैल), लाट दोन मीटरच्या आसपास. पसरट तळ लाटेलाटेवर धाडकन आपटत होता. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली गेली की मागे टांगलेल्या आउटबोर्डचा पंखा हवेत, आणि मोटर किंचाळायची. एक लाट कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या खोलगट जागेत, शिरली. दोन बारीक भोकांतून ती निचरेपर्यंत दुसरी हजर. रात्री पाठ टेकली, तर त्याच ऐसपैस केबिनमध्ये धरायला काही नाही. मी आणि पातेली एकत्र गडगडत होतो.

बोटीला बोल लावत नाही. तिच्या पाटीवर युरोपीय मानकाचा ‘सी’ वर्ग आहे : वारा बोफर्ट मोजपट्टीवर ६, म्हणजे साधारण २७ नॉटपर्यंत, लाट २ मीटरपर्यंत. लाटेच्या बाबतीत मी हद्दीवरच होतो. किनाऱ्याजवळ हवा बिघडली तर दोन-तीन तासांत एखादी खाडी गाठता येते. खोल समुद्रात जे येईल ते अंगावर घ्यावं लागतं, म्हणून तिथे जड कील, झटकन निचरणारं लहान कॉकपिट आणि पोटात बसवलेलं इंजिन हवं. लांबीचं फार मनावर घेऊ नका. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती ‘सुहेली’ फक्त ३२ फुटी. आपल्या मुंबईतच बांधलेली, सागवानी, लांब कीलची.

दाभोळपर्यंत भटकणाऱ्याने अशी बोट खुशाल घ्यावी. लक्षद्वीप डोक्यात असेल तर पैसे साठवा. मी सध्या निचऱ्याची भोकं मोठी करून घेतोय, आणि झोपायच्या बाकाला कापडी आड शिवायला टाकली आहे.