टेपेचे इंटरडेंटल ब्रश: रंग चुकला की फुकट गेलं

साध्या टूथब्रशचे केस दोन दातांमधल्या फटीत नीट शिरत नाहीत, आणि हिरड्यांचं दुखणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. टेपे या स्वीडिश कंपनीचे इंटरडेंटल ब्रश खास या फटींसाठी आहेत. बाटली धुवायच्या ब्रशसारखीच घडण, फक्त इवलीशी. पायरिया असलेल्यांनी आणि इम्प्लांट (पडलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेला धातूचा स्क्रू) बसवलेल्यांनी ते नक्की घ्यावेत. मात्र 'वापरले, पण फरक पडला नाही' म्हणणाऱ्यांचा बहुधा आकार चुकलेला असतो.

गुलाबी ते काळा असे नऊ रंग येतात. गुलाबीची तार ०.४ मिमी, नारिंगीची ०.४५, लाल ०.५, निळी ०.६, पिवळी ०.७, हिरवी ०.८, पुढे जांभळी १.१, राखाडी १.३ आणि काळी १.५. घोळ होतो तो इथे. हा आकडा तारेच्या जाडीचा आहे, फटीच्या रुंदीचा नाही. तारेभोवती केस असतात, त्यामुळे ०.५ च्या लाल ब्रशला जायला साधारण १ मिमी वाट लागते. काही कंपन्या पाकिटावर या वाटेचाच आकडा छापतात आणि त्यांचे रंगही वेगळे असतात. म्हणून कंपनी बदलताना रंगावर जाऊ नका, आयएसओ नंबर, म्हणजे आकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, जुळवा. टेपेत गुलाबी ० नंबर आणि काळा ८.

आकार आरशासमोर, लहान रंगापासून सुरुवात करून ठरवा. केस दोन्ही बाजूंच्या दातांना घासले पाहिजेत, हाताला किंचित अडल्यासारखं जाणवलं पाहिजे, पण तार दाताला लागता कामा नये. ब्रश सळसळत आतबाहेर होत असेल तर तो लहान आहे. मळ जागच्या जागी राहतो. सगळ्या तोंडाला एकच रंग क्वचितच पुरतो. पुढच्या दातांना एक आणि दाढांना दुसरा, असे दोन-तीन रंग लागणं नेहमीचंच. हाड खचून फटी मोकळ्या झाल्या असतील तर पिवळा, हिरवाही लागतो. जिथे गुलाबीसुद्धा जात नाही तिथे जोर करू नका, तिथे फ्लॉस, म्हणजे फटीत सरकवायचा बारीक धागा, वापरा.

मोकळ्या फटींत मात्र फ्लॉसपेक्षा ब्रशच सरस, आणि त्याला कारण आहे. वरच्या पहिल्या उपदाढेच्या मुळाला पुढच्या अंगाने पन्हळीसारखी खाच असते. हिरडी मागे सरकली की ती उघडी पडते. ताणलेला फ्लॉस या खाचेच्या दोन कडांवरून सरकतो, मधला थर तसाच राहतो. ब्रशचे केस खाचेत उतरतात.

दिवसातून एकदा, रात्री दात घासण्याआधी वापरला तरी चालतो. ब्रश गालाच्या बाजूने आडवा घाला, पूर्ण लांबी आतबाहेर चार-पाच वेळा न्या. दाढांना जिभेच्या बाजूनेही फिरवा. आत असताना पिळू नका. पेस्ट नको, पाणी पुरे. गुलाबी आणि नारिंगीची तार दांड्याजवळ लवकर वाकते. ब्रश तिरका ढकलून मग आत सरळ करायला गेलं की तिथेच घडी पडते, आणि त्याच घडीवर तार तुटते. मागच्या दाढांसाठी तार आधीच बोटाने हलकी वळवून घ्या. केस विस्कटले किंवा तार वाकडी झाली की ब्रश टाकून द्या. लहान आकार फार टिकत नाहीत, ही या ब्रशची खरी उणीव.

पहिले काही दिवस रक्त येईल. ते बहुधा ब्रशमुळे नसतं, सुजलेल्या हिरडीचं असतं. रक्त पाहून ती फट सोडून दिली की सूज वाढतच जाते. रोज नीट साफ केलं तर आठवडा-दोन आठवड्यांत रक्त कमी होतं. नाही झालं तर आत किटण (दातावर घट्ट बसलेला कडक थर) आहे असं समजून डेंटिस्टकडे जा. तंबाखू ओढणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. धूम्रपानाने ही खूण झाकली जाते.

इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून त्याची काळजी नको असं अनेकांना वाटतं. हे फार घातक आहे. खऱ्या दाताला हिरडीचे तंतू मुळात घट्ट रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते नुसते बाजूने जातात, त्यामुळे जंतूंना खाली उतरायला आडकाठी कमी. आधी हिरडी सुजते, तोवर सगळं पूर्ववत होऊ शकतं. हाड झिजायला लागलं की ते आपोआप परत येत नाही, आणि दुखतही नाही म्हणून उशिरा कळतं. टेपेच्या तारेवर प्लास्टिकचा लेप असतो, इम्प्लांटला उघडी धातूची तार घासू नये म्हणून तो महत्त्वाचा. लेप सोललेला दिसला तर ब्रश लगेच बदला. इम्प्लांटचे खरखरीत आटे उघडे पडले असतील तर तिथे फ्लॉस टाळा, त्याचे धागे अडकून आत राहतात. ऑपरेशननंतर त्या जागी ब्रश कधीपासून घालायचा, ते डॉक्टर सांगतील तेव्हाच.

वॉटर फ्लॉसर, म्हणजे पाण्याच्या धारेने फटी साफ करणारं यंत्र? अन्नकण आणि सुटा मळ तो छान काढतो, ब्रिजखाली किंवा तारा लावलेल्या दातांना उपयोगीही आहे. चिकट थर काढायला मात्र घासावंच लागतं. दोन्ही वापरा, पण ब्रशऐवजी फ्लॉसर नको.

किटण या ब्रशने निघत नाही. हिरडीखालीही तो जेमतेम दोन-अडीच मिमी पोचतो, म्हणजे ५-६ मिमीचे पॉकेट (दात आणि हिरडीमधली खोल पोकळी) असतील तर आधी खोल सफाई करून घ्यावीच लागते. त्याच भेटीत कुठल्या फटीला कुठला रंग, हे डेंटिस्टकडून कागदावर लिहून घ्या. सूज उतरली की फटी मोठ्या होतात आणि पहिला ब्रश ढिला पडतो, तेव्हा पुढच्या तपासणीला तो कागद घेऊन जा आणि आकार पुन्हा बघून घ्या.