झाडावर चढणाऱ्यांनो, दोर आधी कापून बघा: नकली सेफ्टी सामानाचा माझा अनुभव

सांगली-मिरज, कुपवाड, तासगाव, विटा आणि तिकडं कराड-साताऱ्यापर्यंत फांद्या छाटण्याचं, झाडं उतरवण्याचं काम करणारी जी पोरं आहेत, त्यांनी हे पूर्ण वाचावं. हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), क्लायंबिंगचा दोर, कॅराबिनर (गेट उघडून दोर अडकवायची धातूची कडी), हेल्मेट असलं सामान नकली शिक्के मारून विकणारे लोक सध्या आपल्याच धंद्यातल्या माणसांना गाठतायत. माझे ८६ हजार रुपये गेले. पतसंस्थेचं कर्ज काढून उभे केलेले पैसे होते, त्याचं दुःख आहेच. पण खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या दोरावर माझी दोन पोरं पन्नास फुटांवर लटकणार आहेत, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. मीच त्याला सांगितलं होतं.

आपल्याकडं हे काम कासऱ्यावर आणि नाड्यावरच चालत आलंय. कमरेला दोराचा वेढा, खांद्यावर कोयता नाहीतर कुऱ्हाड, आणि पाय अनवाणी. चेनसॉ आली आणि हिशेब बदलला. कोयत्याचा घाव चुकला तर जखम होते, चालू चेनसॉ दोराला नुसती लागली तरी ताणलेला दोर क्षणात तुटतो. म्हणून करवत चालवताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला असावा लागतो, एक वरच्या भक्कम फांदीवरून आलेला मुख्य दोर आणि दुसरा खोडाभोवती घेतलेला आखूड दोर, म्हणजे लॅनयार्ड. एक गेला तर दुसरा धरतो. हे मी सह्याद्रीत चढाया करणाऱ्या साताऱ्याच्या एका मित्राकडून शिकलो आणि पोरांना शिकवलं. पिशवीत वजन घालून पातळ दोरी फांदीवर फेकायची, तिच्यामागं मोठा दोर ओढून घ्यायचा, आधी खालून दोघांनी लोंबकळून फांदी तपासायची आणि मगच चढायचं. यंदा वळवाच्या आधी कामं भरपूर होती. बंगल्यांवर झुकलेले रेनट्री, गुलमोहर, शेताच्या बांधावरची निलगिरी. आणखी दोन पोरं वर चढवायची म्हणून दोन नवे सेट घ्यायचे ठरवले.

हा विक्रेता मोबाइलवरच्या जाहिरातीतून सापडला. त्याला धंद्यातलं सगळं कळत होतं, आणि फसवणुकीचं मूळ तिथंच आहे. ‘दादा, बिल्डिंगच्या कामाचा हार्नेस घेऊ नका,’ तो म्हणाला. ‘त्याची कडी पाठीवर असते, ती पडल्यावर धरायला. तिच्यावर तासभर लटकून काम होत नाही, मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात. तुम्हाला पुढं ब्रिज, म्हणजे मुख्य दोर जोडायचा आडवा पट्टा, आणि बाजूला दोन कड्या असलेला बसका हार्नेस लागेल.’ यातला शब्द न् शब्द खरा आहे. झाडं कुठली, उंची किती, करवत केवढी, सगळं त्यानं विचारून घेतलं. भावही फार पाडला नाही. बाजारापेक्षा थोडा कमी, ‘जुना स्टॉक आहे, नवीन कन्साइनमेंटच्या आधी काढायचाय’ एवढंच कारण. निम्म्या किमतीला देतो म्हणाला असता तर कुणालाही वास आला असता.

जीएसटी नंबर मागितला, त्यानं लगेच दिला. सरकारी पोर्टलवर टाकला तर चालू दिसला, दुकानाचं नाव जुळलं. आधी नमुना म्हणून दोन कॅराबिनर मागवले. ते आले आणि अस्सल निघाले. साताऱ्याच्या मित्रानं हातात घेऊन, गेट उघडून, खुणा वाचून सांगितलं, ‘बरोबर आहेत.’ मग मोठी ऑर्डर दिली आणि पूर्ण पैसे भरले. नंतर कळलं की जीएसटी नंबर दुसऱ्याच एका प्रामाणिक दुकानदाराचा होता. पोर्टलवर नाव बघून, त्या दुकानाचा फोन वेगळ्या वाटेनं शोधून मी त्यांना गाठलं, तेव्हा त्यांनाही पहिल्यांदाच कळलं की त्यांच्या नावानं कुणीतरी बिलं फाडतंय. विक्रेत्यानं दिलेल्या नंबरवर फोन लावून विक्रेत्याची खात्री होत नाही. दुकानाचा नंबर तुम्ही स्वतः शोधा, आणि ऑर्डर खरंच त्यांच्याकडं नोंदली आहे का ते पैसे भरायच्या आधी विचारा.

पार्सल आलं ते दिसायला देखणं. माझ्याकडं नियम आहे की नवा दोर थेट झाडावर जात नाही. मळ्यातल्या आंब्याच्या खालच्या फांदीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर आधी लटकून बघायचं. पोरगं वर-खाली झालं, घर्षणाच्या गाठीवर (मुख्य दोराला आवळून धरणारी सरकती गाठ) जरा जोरात घसरलं आणि थांबलं.

‘अण्णा, ह्यो दोर चिकटतोय बघा की.’

जाऊन बघितलं तर गाठ घासली होती तेवढ्या जागी दोराचं वरचं आवरण काचेसारखं चकाकत होतं. बोट फिरवलं तर गुळगुळीत आणि कडक लागलं. धागे वितळून एकमेकांत गेले होते. चांगल्या दोरावर एवढ्याशा घसरणीनं असं होत नाही.

तिथंच पोराला खाली घेतलं आणि दोराचं टोक कापलं. पुढचं नीट वाचा, कारण हे कुणीही घरी करू शकतो. लटकून काम करायच्या, कमी ताणल्या जाणाऱ्या दोराला युरोपात ईएन १८९१ हे मानक आहे. त्या मानकाच्या दोरात आत, गाभ्याच्या धाग्यांमध्ये, एक बारीक पट्टी आरपार गेलेली असते. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, मानकाचा क्रमांक, दोराचा प्रकार, तयार झाल्याचं वर्ष आणि धागा कशाचा आहे ते छापलेलं असतं, आणि हा मजकूर थोड्या थोड्या अंतरावर परत परत येतो. माझ्या दोराच्या बाहेरच्या लेबलवर ईएन १८९१ ठळक लिहिलेलं होतं. आत पट्टी नव्हती. गाभा म्हणून पांढऱ्या, खरखरीत धाग्यांचा पुंजका भरला होता.

मग वीतभर तुकडा बादलीतल्या पाण्यात बुडवला, दाबून पिळून आतली हवा काढली आणि सोडला. तो वर आला. नायलॉन आणि पॉलिस्टर पाण्यापेक्षा जड असतात, भिजल्यावर ते बुडतात. जिवाचे दोर साधारणपणे याच धाग्यांचे असतात. तरंगतं ते पॉलिप्रॉपिलीन, मंडपाच्या आणि होडीच्या स्वस्त दोऱ्यांत असतं ते. ते साधारण १६५ अंश सेल्सिअसला वितळतं, नायलॉन २२० च्या पुढं. गाठ दोरावरून घसरते तेव्हा जी उष्णता तयार होते, तिच्यापुढं हे टिकत नाही, आणि उन्हात ठेवलं तर लवकर ठिसूळ होतं. मात्र तुकडा बुडाला म्हणजे दोर अस्सल ठरला असं कुणी समजू नये. तरंगला तर बाद, एवढंच.

दोर खोटा निघाल्यावर बाकीचं सामान उलटंपालटं केलं. सहा कॅराबिनर होते आणि सहाहीवर कोरलेला सिरियल नंबर एकच. अनेक नामांकित कंपन्या प्रत्येक नगावर वेगळा क्रमांक घालतात, कारण एखाद्यात दोष निघाला तर तोच शोधून परत बोलावता यावा. लांबीच्या दिशेनं २२ केएन (किलोन्यूटन) असा आकडा होता, म्हणजे साधारण सव्वादोन टनांचा भार. कोरणाऱ्याला आकडा कोरायला कितीसा वेळ लागतो? सीईची, म्हणजे युरोपातल्या नियमांत बसत असल्याची, खूण होती, पण तिच्यापुढं चार अंकी क्रमांक नव्हता. उंचीवरून पडण्यापासून वाचवणाऱ्या सामानावर तो असावाच लागतो, ज्या संस्थेनं उत्पादनावर देखरेख ठेवली तिचा तो क्रमांक असतो. नमुन्याच्या दोन कॅराबिनरवर तो होता. शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक ढळढळीत दिसला, गेट बंद ठेवणारी स्क्रूची बाही सुद्धा नकली नगांवर अडकत अडकत फिरत होती. हार्नेसबरोबर आलेलं माहितीपत्रक काळी-पांढरी झेरॉक्स, आणि त्यातलं चित्र वेगळ्याच हार्नेसचं. हेल्मेटवर आयएसआय मार्क आणि खाली सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, क्रमांक. बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये तो टाकला तर भलत्याच कंपनीचा भलत्याच वस्तूचा परवाना निघाला. भारतीय बनावटीचा हार्नेस घेत असाल तर त्याचं मानक आयएस ३५२१, हेल्मेटचं आयएस २९२५. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत हे तपासता येतं.

फोन केला तर विक्रेता आधी गोड बोलला, ‘दादा, बदलून देतो, माल परत पाठवा.’ माल परत पाठवू नका, कुणीही कितीही सांगितलं तरी. तोच आपला पुरावा आहे. पाठवत नाही म्हटल्यावर नंबर बंद झाला.

१९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यागेल्या केली तर समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत पार्सल येईपर्यंतचा वेळ गेला होता आणि खात्यात काही उरलं नव्हतं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘माल तर मिळाला ना तुम्हाला?’ अशा वेळी खचू नका. माल खराब निघाला हे एक आणि खोटा शिक्का मारून, दुसऱ्याचा जीएसटी नंबर वापरून विकला हे दुसरं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे. अर्जासोबत कॅराबिनरच्या सारख्या क्रमांकांचे फोटो, दोराचा कापलेला तुकडा, ॲपमधल्या परवान्याचा स्क्रीनशॉट आणि त्या खऱ्या दुकानदाराचं पत्र जोडलं, तेव्हा अर्ज घेतला गेला.

ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. ‘धंद्यासाठी घेतलं, मग तुम्ही ग्राहक नाही’ असं काहीजण सांगतात, मलाही सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी माणसानं स्वतः वापरायला घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. माझी तक्रार दाखल झालीय, निकाल यायचाय.

दोन्ही पोरं सध्या खालची कामं करतायत, फांद्या ओढणं, ओंडके पाडणं. जुन्या दोन सेटवर जेवढं होतं तेवढंच वरचं काम घेतोय, बाकी गिऱ्हाइकांना थांबा म्हणून सांगितलं. कुणी म्हणालं, एवढं कशाला, एक महिना नाड्यावर चढवा की. नाही चढवणार.

तो माणूस अजून विकतोय. दुकानाचं नाव बदललं, नंबर बदलला, फोटो मात्र तेच ठेवलेत. निळ्या ताडपत्रीवर मांडलेला लाल-काळा हार्नेस, त्याच्या डाव्या बाजूला गुंडाळलेला पिवळा दोर, आणि ताडपत्रीच्या वरच्या कोपऱ्यात कोपरा उडालेली पांढरी फरशी. हा फोटो कुणी पाठवला तर आजच्या तारखेची चिठ्ठी सामानाजवळ ठेवून, प्रत्येक कॅराबिनरचा क्रमांक दिसेल असा व्हिडिओ मागा. माझ्या ओळखीच्या एका नारळवाल्यानं गेल्या आठवड्यात तो मागितला. पलीकडून लगेच ब्लॉक केलं.