थेट टाकीत की बीकरमधून?

अल्ट्रासॉनिक यंत्रात, म्हणजे द्रवात ध्वनिलहरी सोडून घाण काढणाऱ्या यंत्रात, प्रयोगशाळेतील सूक्ष्म भाग थेट टाकीत धुवावेत, की द्रावणाच्या बीकरमध्ये ठेवून तो टाकीतील पाण्यात बुडवावा, असा पेच अनेकांना पडतो. थेट पद्धतीत लहरींचा जोर पूर्ण मिळतो. मात्र भाग जाळीच्या टोपलीतच हवेत, कारण तळाला टेकलेला भाग टाकीचा पत्रा झिजवतो. बीकरची काच थोडा जोर खाते, पण द्रावण कमी लागते आणि घाण टाकीत पसरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल तर टाकीत कधीच ओतू नये, कारण त्याची वाफ ठिणगी मिळाल्यास सुमारे १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते. बीकरमध्येही ते थोडेच, झाकून, हीटर बंद ठेवून आणि फ्यूम हूडखालीच (वाफ बाहेर खेचणाऱ्या कपाटातच) वापरावे. चालू टाकीत हात घालणे दोन्हींत वर्ज्यच. डिटर्जंटने निघणारे तेल आणि भागांची मोठी संख्या असल्यास टोपली बरी; एखाद-दुसऱ्या बारीक नोझलसाठी बीकर. लेप दिलेल्या भिंगांना मात्र दोन्हींपासून दूरच ठेवावे.